नववा बॉक्स

६ जुलै, रविवार

यांच्या वहीत मागची बरीच पानं कोरी आहेत. त्यातच लिहायला घेतलं. पुढून यांचं अक्षर, मागून माझं. संसारातही तेच होतं. हे पुढे चालायचे आणि मी मागून बोलत राहायची.

हे जाऊन तीन महिने झाले, वर काही दिवस. मोजत नाही असं सगळ्यांना सांगते.

आज निंबाअक्काच्या ओट्यावर गल्ली जमली होती. यंदा श्रावणातली कानबाई देवी अक्काकडे बसणार. मंडळाचं म्हणणं, साउंड बघणारा माणूसच राहिला नाही, तर कामरेजचा डीजे सांगू. ऐकलं आणि डोकं फिरलं. धुळं सोडून परराज्यात, या डिंडोलीत आलो तेव्हापासून या गल्लीत कानबाईची गाणी यांच्याच बॉक्समधून वाजली. नाक्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत प्रत्येक दाराला सारखा आवाज. कुणाचे कान फाटले नाहीत, कुणाला कमी पडलं नाही. डीजे म्हणजे काय, टेम्पोवर भिंत उभी करायची आणि म्हाताऱ्यांच्या छातीत धडधड उठवायची. मी म्हटलं, बॉक्स माझ्या माळ्यावर आहेत, मी लावीन.

अक्का म्हणाली, "माय व शोभा, तूले काय समजस त्यामा?"

समजेल म्हटलं. खरं तर काही समजत नाही. इतकी वर्षं मी आत बसून गाणी म्हणत होते, बाहेर हे काय करायचे ते कधी पाहिलं नाही. यंदा गाताही येणार नाही. सुतकाचं वर्ष.

८ जुलै, मंगळवार

माळ्यावरून बॉक्स उतरवले. आठ. वायरची भेंडोळी. ॲम्प्लिफायर यांच्या जुन्या लुंगीत गुंडाळलेला, लुंगीला अजून यांचा वास. तिथेच बसले अर्धा तास. साडीवर टिकल्या लावायचं काम तसंच पडून राहिलं.

वहीच्या पहिल्या पानावर सामानाची यादी: बॉक्स, आठ ओहमचे, नग नऊ. मी परत मोजले. आठच. एखादा कुणाला दिला असेल. देण्यात यांचा हात सैल होता.

आज मंगळवारचा बाजार. मागच्या सोसायटीच्या रस्त्यावर भरतो, आमच्या टाकीमागच्या भिंतीला लागूनच. मी तिकडे जात नाही, चार वर्षं झाली. भाजी हेच आणायचे. तास तास लावायचे आणि आणायचे काय, जून भेंडी आणि पिवळी पडलेली मेथी. किती बोलले असेन मी त्यांना त्या भेंडीवरून. आता कोपऱ्यावरच्या गाडीवरून घेते. भेंडी कोवळी मिळते. घशाखाली उतरत नाही.

तिकडे का जात नाही? तिकडे ती राहते. आमची एकुलती एक. लूमवर काम करणाऱ्या ओडिया पोराशी कोर्टात लग्न करून दारात उभी राहिली, तेव्हा मी सगळ्या गल्लीदेखत म्हटलं, आम्हाला मुलगी नव्हती. नंतर त्या दोघांनी खोली घेतली ती नेमकी भिंतीपलीकडे. मी रस्ता बदलला. तिचं नाव घरात घ्यायचं नाही असं यांना बजावलं. हे हो म्हणाले. नेहमीसारखं.

११ जुलै, शुक्र.

वही वाचतेय. यांनी लिहून ठेवलंय, शाळेतल्या पोराला सांगावं तसं:

"एकामागे एक जोडले की ओहम वाढतात. तीन आठ = चोवीस. ओळी शेजारी शेजारी जोडल्या की कमी होतात. चोवीसच्या तीन ओळी = परत आठ. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर कॉमन आणि आठ, त्या दोन स्क्रूंना लावायचं. ओहम फार कमी झाले तर मशीन तापतं. ओळीत एकाने सोडलं तर सगळी ओळ मुकी."

खाली आकृती, तिची शाई मात्र नवी. तीन ओळी, प्रत्येकीत तीन चौकोन. चौकोनात जागा लिहिलेल्या: नाका, पिठाची गिरणी, अक्काचा ओटा, असं करत टाकी आणि भिंत. आठ नावं. नववा चौकोन नुसता. मला वाटलं, आकृती पुरी दिसावी म्हणून काढला असेल.

हे तिलाच शिकवायला लिहिलं होतं. सातवीत होती. वायरच्या एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ती मीटर घेऊन. आठचा बॉक्स मीटरवर साडेसहा दाखवतो, तेच बरोबर. ती ओरडायची, "साडेसहा, पप्पा." दर वर्षी, नऊ वेळा. माझे कान किटायचे.

१३ जुलै, रवि.

आज दारातच आठ बॉक्स मांडून जोडले. तीन, तीन आणि दोन. बोटं सोलली. रेडिओ लावला. वाजलं. एकटीच हसले.

पण शेवटचे दोन, टाकीचा आणि भिंतीचा, इतरांपेक्षा मोठ्याने. चांगलेच मोठ्याने. आवाज वाढवला तर भिंतीचा फाटायला लागला, आतून भुसा हलल्यासारखं. बंद केलं. मीटर लावलं: साडेपाच. वहीत दर वर्षीच्या तारखेखाली यांनी लिहिलंय, "एकूण साडेसहा. बरोबर."

बॉक्स तेच. वायर तीच. एक आकडा कुठे गेला?

१५ जुलै, मंगळ.

उधन्याला नटुभाईंकडे गेले. यांचे जुने दोस्त, ॲम्प्लिफायर दुरुस्त करतात. मला पाहून खुर्ची पुसली, चहा सांगितला, आणि बराच वेळ स्क्रूड्रायव्हर नुसता हातात फिरवत बसले. मी आकृती दाखवली, साडेपाच सांगितलं. त्यांनी बिडीच्या पाकिटावर हिशेब केला. म्हणाले, "शोभाबेन, आमां एक खूटे छे."

एक कमी आहे. तिसऱ्या ओळीत दोनच म्हणून त्या दोघांवर दुपटीहून जास्त भार येतो, ते आधी ओरडतात आणि मग जळतात. मी म्हटलं, पण माझ्याकडे आठच आहेत, गेली काही वर्षं गल्लीत आठच लागायचे, मी डोळ्यांनी पाहिलेत. नटुभाई म्हणाले, बेन, गल्लीत आठ असतील, ओळीत नऊ होते. तुमच्या मिस्टरांचा हिशेब चुकत नसे.

आणखी एक सांगितलं, तिसरी ओळ चालू झाली की पहिल्या दोन किंचित उतरतात. मशीन जुनं आहे. कान असेल तर कळतं.

१६ जुलै, बुध.

झोप नाही. वहीतल्या दर वर्षीच्या नोंदी नीट वाचल्या. सगळीकडे तेच, "एकूण साडेसहा, बरोबर." फक्त दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीत जास्तीचं:

"तिसरी ओळ बंद. चाळीस मिनिटं. मग तिने जोडलं."

तिने. कोण ती? खरं लिहिते, क्षणभर नको ते मनात आलं. या वयात, नवरा जाऊन चार महिने झाले नाहीत आणि मी त्याच्यावर संशय घेत बसले. अशी बाई आहे मी.

पण ती संध्याकाळ आठवते. मी आत गात होते. कुणीतरी सांगत आलं, टाकीकडे ऐकू येत नाही. हे गेले ते कितीतरी वेळाने आले. डोळे लाल. विचारलं तर म्हणाले, वायरला कार्बन आला होता. मी म्हटलं, कार्बनने डोळे लाल होतात का? मशीनकडे वळले. मीही पुढचं गाणं सुरू केलं.

त्याच आषाढात तिला मुलगा झाला होता. हे पेढा घेऊन आले होते. तो मी खिडकीत कावळ्याला ठेवला, त्यांच्यादेखत.

१७ जुलै, गुरू.

दुपारी स्टूल घेऊन टाकीमागे गेले. भिंतीवर शेवाळ, खाडीचा वास. भिंतीच्या डोक्यावर काचा लावल्यात, त्यांच्यात हात घालून चाचपलं. सापडलं. दोन वायरींचं टोक, काळी टेप, टेपचा शेंडा दुमडलेला. परत उघडायला सोपं जावं म्हणून हे तसंच दुमडायचे. वायर पलीकडे उतरून पावसाच्या पाइपाला धरून वर गेलीय. पहिला मजला. खिडकीत लहान पोराची लाल चड्डी वाळत होती.

नववा बॉक्स तिच्याकडे आहे.

चार वर्षं हे मला फसवत होते. मी आत बसून गाणी म्हणायची आणि हे माझा आवाज भिंतीपलीकडे पाठवायचे. मला एका शब्दाने सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर मी वायर तोडली असती. हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत आहे.

जेवले नाही.

१८ जुलै, शुक्र.

मीटर घेऊन गेले. टेप उघडली, मीटरच्या काड्या लावल्या. पडद्यावर डावीकडे नुसता १ आकडा उभा राहिला. म्हणजे वाट पुढे तुटलेली. म्हणजे पलीकडे तिने बॉक्स सोडवून ठेवलाय.

कदाचित उंदराने कुरतडली असेल.

१९ जुलै

काही नाही.

२० जुलै, रवि.

काही नाही. अक्काने टाकीजवळ पाहिलं, विचारलं काय करतेस रोज. म्हटलं वायर बघते. अक्का चाळीस वर्षं पाहतेय मला. स्टूल धरून उभी राहिली.

२२ जुलै, मंगळ.

काही नाही. भिंतीपलीकडे बाजाराचा गलका. मी स्टुलावर, हातात मीटरच्या काड्या. वीस पावलांवर भाजी, आणि मी कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याकडून घेऊन आले.

२४ जुलै, गुरू. दिव्याची अवस

दिवे घासले, लावले नाहीत.

जे लिहायचं टाळतेय ते आज लिहिते. यांना नेलं त्या दिवशी ती आली होती. टाकीजवळ उभी होती, पोर कडेवर. कुणीतरी म्हणालं, जयू आलीय, येऊ दे तिला, बापाचं तोंड बघू दे. मी म्हटलं, "तिला आत घेऊ नका. तिच्याच घोराने गेले हे."

हे मी म्हटलं. माझ्या तोंडाने, प्रेताशेजारी बसून. सगळ्यांनी ऐकलं. टाकीपर्यंत ऐकू गेलं, त्यासाठी बॉक्स लागला नाही.

ती तिथूनच परत गेली. रडलीसुद्धा नाही. आणि घोराने गेले हे खोटं होतं. आता कळतंय, दर मंगळवारी नातवाला खेळवून येत होते. भेंडी जून का असायची तेही कळलं. उठता उठता उशीर व्हायचा, चांगली भाजी संपलेली असायची. मी भेंडीवरून तोंड सोडायचे आणि हे ऐकून घ्यायचे, कारण उत्तर देता येत नव्हतं.

जयश्री. लिहिलं नाव. काही झालं नाही, छत पडलं नाही.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

काड्या लावल्या होत्या, तेवढ्यात पलीकडून पुरुषाचा आवाज, "कौन है?" मी चोरासारखी खाली वाकले. स्टूल डुगडुगलं. वाकून काय उपयोग, काचांमधून माझी वेणी दिसत असणार.

जावई होता. बिपिन नाव. चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलले, तेही भिंतीआडून. सचिन गावात लूमवर रात्रपाळी करून आला होता, आवाजात झोप होती. म्हणाला, मम्मीजी, गिरोगे, नीचे उतरो. मग मीच विचारलं, बॉक्स आहे का अजून. आहे म्हणाला. पप्पांनी लावला तिथेच आहे, खाटेच्या वर. फक्त वायर काढून ठेवलीय, त्या दिवसापासून. मी म्हटलं, जोड ना बाबा.

तो म्हणाला, "उसने बोला है, हाथ मत लगाना."

तोच पुढे म्हणाला, गाणी लागायची तेव्हा ती बॉक्सखाली बसायची, एक शब्द बोलू द्यायची नाही. पोराला सांगायची, ही आजी. पोराला वाटतं आजी म्हणजे तो डबा.

घरी येऊन पदर तोंडात कोंबून रडले. यांच्या वेळी इतकी रडले नव्हते.

३१ जुलै, गुरू.

पाऊस. गल्लीतले सहा बॉक्स चढवले, प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. खांबावर चढायला अक्काचा मोठा मुलगा आला, जोडणी मीच केली. पहिली ओळ साडेएकोणीस, तीन वेळा साडेसहा. दुसरी साडेएकोणीस. हे असते तर मान हलवली असती, तेवढीच.

भिंत: काही नाही.

१ ऑगस्ट, शुक्र.

नटुभाई स्वतः आले, मशीन बघायला. त्यांना सगळं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, परका माणूस. त्यांनी खिशातून एक पांढरा चौकोनी तुकडा काढला, खडूएवढा. आठ ओहमचा रेझिस्टर. म्हणाले, नवव्या बॉक्सच्या जागी हा लावा, गणित पुरं होईल. तिसरी ओळ बाकीच्यांसारखीच वाजेल, काही जळणार नाही. मी विचारलं, यातून आवाज येतो का? नाही, म्हणाले. बॉक्सच्या वाटणीचा आवाज हा नुसता उष्णता करून टाकतो. हात लावू नका, तापेल.

संध्याकाळी टाकीकडचे दोन बॉक्सही चढवले, तुकडा जोडून पाहिला. एकूण साडेसहाच्या आसपास. पहिल्यांदा सगळी गल्ली सारखी वाजली. मंडळातल्या लोकांनीही मान्य केलं, डीजे नको. अक्काने पाठीवर थाप दिली.

मला खुश व्हायला हवं होतं. रेझिस्टरला बोट लावलं, पोळलं.

२ ऑगस्ट, शनि.

कानबाईच्या रोटाचे, नैवेद्याचे गहू निवडायचा दिवस. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ घ्यायची. यंदा सुतकामुळे आमच्याकडे रोट नाहीच, आणि असता तरी मूठ कुणाच्या नावाने घेतली असती?

हे म्हणायचे, रोट घरच्यांनीच खायचा, ठीक आहे, देवीचा नेम आहे. गाण्याला कुठे नेम आहे.

दिवसभर एकच डोक्यात. रेझिस्टर ठेवला तर सगळं सुरळीत, गल्ली खुश, पुढच्या वर्षीही यांचे बॉक्स वाजतील. पण मग तिने तिकडे वायर जोडली तरी काही होणार नाही, तिची जागा त्या खडूने घेतलेली. रेझिस्टर काढून तिची वायर ओळीत घेतली आणि तिने नाही जोडली, तर टाकीकडचे दोन्ही बॉक्स मुके. ऐन कानबाईत. मग लोक म्हणतील, बाईमाणसाचं काम, सांगितलं होतं.

संध्याकाळी काढला. वायर भिंतीवरच्या टोकाला जोडली, टेप लावली, शेंडा दुमडला. रेझिस्टर कमरेला खोचला.

मीटर: काही नाही.

३ ऑगस्ट, रविवार. कानबाई

उतरत्या उन्हात देवी बसली. नारळाला नथ, हार, पिवळं पातळ. बायकांनी पहिलं गाणं धरलं. मी बाहेर, मशीनपाशी. सुतकवाली म्हणून आत गेले नाही.

नाक्याचा वाजला, गिरणीचा वाजला, ओट्याचा. टाकीकडे शांत.

पाच मिनिटांत टाकीकडची माणसं आली. ऐकाले नही येस. मी म्हटलं, थांबा जरा. दुसरं गाणं झालं. परत आली. मंडळातला एकजण म्हणाला, शोभाताई, तो तुकडा लावा ना, काल तर छान वाजत होतं. कमरेला हात गेला. सगळे माझ्याकडे बघत होते. मला दुसऱ्या कुणाचं काही वाटत नव्हतं, फक्त इतकंच, की ती ऐकत नाहीये.

तेवढ्यात अक्का बाहेर आली, वायर ओढत, माइक हातात. माझ्यापुढे धरला. मी नको म्हटलं, सुतक आहे. अक्का म्हणाली, "सुतक तूले शे, देवीले नही. गाय."

बायका कुजबुजल्या. मी माइक घेतला. उंबऱ्याबाहेरच बसले, देवीकडे पाठ नको म्हणून तिरकी. पहिली ओळ नुसती खरखरीत गेली. चार महिने तोंडातून गाणं निघालं नव्हतं. दुसऱ्या ओळीला लागला सूर. यांना आवडायचं तेच धरलं, लांबलचक, ज्यात देवी सासरी जाताना मागे वळून बघते.

अर्ध्यावर आले असेन. ओट्यावरच्या बॉक्समधला माझा आवाज किंचित उतरला. किंचितच, कुणाला कळला नसेल. मला वाटलं माझाच दम कमी पडला. मग नटुभाईंचं आठवलं.

टाकीकडून कुणीतरी ओरडलं, लागलं, लागलं.

गाणं सोडलं नाही. सोडलं असतं तर ती परत काढेल अशी भीती वाटली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, तसंच गात राहिले. गल्लीच्या नाक्यापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपलीकडे माझाच आवाज. कडवी संपली तर पहिल्यापासून परत धरलं. बायकांनी ओळखलं असावं, त्यांनीही परत धरलं. शेवटी घसा बसला. माइक अक्काकडे दिला.

अक्काने पुढचं गाणं धरलं. एक कडवं झालं असेल. टाकीकडे परत शांत.

मी थोडी वाट पाहिली. मग उठून भिंतीपाशी गेले, तिची वायर सोडली आणि रेझिस्टर लावला. पुढे सगळं व्यवस्थित वाजलं. लोकांनी नाव काढलं.

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी देवी वाजतगाजत गेली. मी गेले नाही, दारातून हात जोडले.

दुपारी वायरी गुंडाळल्या. आठ बॉक्स पुसून माळ्यावर. वहीत यांच्या नोंदींखाली लिहिलं, यांच्यासारखंच: "तिसरी ओळ बंद. एक गाणं तिने जोडलं." पुढे "बरोबर" लिहायला पेन टेकवलं, लिहिलं नाही.

सारखा विचार करतेय. तिने माझा आवाज ओळखला, धावत जाऊन वायर जोडली. मी थांबले तशी काढली. म्हणजे गाणं पाहिजे, बाई नको? की बापाची आठवण म्हणून तेवढं एकच ऐकलं? की रागाने जोडली, बघ म्हणून, आणि रागानेच काढली? पोर मध्येच उठलं असेल. हेही असू शकतं. माझ्यासारखीच आहे ती, तोंडाने सांगणार नाही.

एवढं मात्र माझं मला कळलं, मी जे टाकीपर्यंत ओरडून म्हटलं होतं ते गाण्याने पुसलं जाणार नाही. ते तोंडाने म्हटलं, तोंडानेच परत घ्यायला लागेल. तिच्यासमोर उभं राहून, आणि वर माझ्या तोंडावर दार लावलं तर तेही सोसून.

सगळ्या वायरी उतरवल्या, भिंतीवरची तेवढी ठेवली. संध्याकाळी काड्या लावून पाहिल्या.

काही नाही.

घरात भाजी नाही. कोपऱ्यावरची गाडी आज आली होती, मी हाक मारली नाही. पिशवी धुऊन दोरीवर टाकलीय, पावसाळी हवा आहे, सकाळपर्यंत वाळते की नाही बघायचं. ओलीच घेऊन जाता येईल. उद्या मंगळवार.